शाकाहारी स्तन्यदा मातेचा आहार : झीज कोणाची, उणीव कोणाला

सूतिकेच्या आहारविहाराविषयी आपल्या संहितांत जितके बारकाईने लिहिले आहे, तितके स्तन्यपानाच्या उरलेल्या दीर्घ काळाविषयी सलग एका ठिकाणी सापडत नाही. सुश्रुताचार्यांनी सूतिकाकाल दीड मासाचा मानला आहे. आपल्या घराघरांतील ‘सव्वा महिना’ त्याच्याच आसपासचा. तो संपला की शेक-शेगडी बंद होते, डिंकाच्या लाडवांचा डबा रिकामा होतो, माहेरची मंडळी निरोप घेतात आणि बाळंतीण पुन्हा घरच्या रहाटगाडग्याला जुंपली जाते. बालक मात्र पुढे वर्ष-दीड वर्ष, कित्येकदा दोन वर्षे अंगावर पीत असते. या काळात माता काय खाते याची चौकशी सहसा होत नाही. झालीच तर ‘दूध पुरते ना?’ या एका प्रश्नावर ती थांबते. दूध किती येते हे पाहिले जाते. त्या दुधातून काय येते, याचा विचार मागे राहतो. शाकाहारी मातेच्या बाबतीत नेमका हाच विचार महत्त्वाचा आहे.

‘शाकाहारी’ या एका शब्दाखाली आज तीन निरनिराळ्या प्रकारच्या स्त्रिया आपल्याकडे येतात. पहिली दूध, दही, ताक, तूप नित्य व पुरेशा प्रमाणात घेणारी. दुसरी प्राणिज पदार्थ तत्त्व म्हणून पूर्णतः वर्ज्य करणारी, म्हणजे जिला ‘व्हीगन’ म्हणतात ती. शहरांतून अशा माता आता अधूनमधून भेटतात. तिसरी स्वतःला दूध घेणारी समजते, परंतु तिचे दूध म्हणजे दोन वेळच्या चहातील चार चमचे. घरातले दूध आधी मुलांना, मग वडीलधाऱ्यांना, उरलेले विरजणाला. हा तिसरा वर्ग संख्येने मोठा आहे आणि केसपेपरवर ‘आहार : शाकाहारी, दूध घेते’ एवढेच लिहिले जात असल्याने तो आपल्या नजरेतून निसटतो. त्यात आणखी एक भर आपणच घालतो. त्वग्विकार किंवा कफाच्या तक्रारीसाठी मातेचे दूध-दही आपण बंद करतो आणि ते पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे सांगायचे राहून जाते.

शास्त्राचा आधार

चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहे की, गर्भिणीचा आहाररस तीन कामी लागतो : तिच्या स्वतःच्या शरीराची पुष्टी, स्तन्य आणि गर्भाची वृद्धी. प्रसूतीनंतर तिसरा वाटेकरी बाहेर येतो आणि स्तन्याच्या वाटेने तोच रस मागू लागतो. स्तन्य हा रसधातूचा उपधातू असल्यामुळे रस जसा असेल तसे स्तन्य, हे तत्त्व आपण विद्यार्थिदशेपासून पाठ केलेले आहे.

केवळ वनस्पतिजन्य आहारावर स्तन्यनिर्मिती होते का, या शंकेचे उत्तर शास्त्रात स्पष्ट आहे. चरकोक्त स्तन्यजनन महाकषायातील वीरण, शालि, षष्टिक, दर्भ, कुश, काश इत्यादी दहाही द्रव्ये वनस्पतिजन्य आहेत. सुश्रुताचार्यांनी स्तन्यवृद्धीसाठी यव, गोधूम, शालि यांच्या बरोबरीने लसूण, शिंगाडा, विदारीकंद, शतावरी, ज्येष्ठमध, दुध्या भोपळा अशी मोठी यादी दिली आहे. सूतिकेच्या स्नेहपानासाठीही चरकाचार्यांनी घृताबरोबर तैलाचा पर्याय ठेवला असून निवड सात्म्यावर सोपविली आहे. त्यामुळे तूप न घेणाऱ्या बाळंतिणीला तिळाचे तेल योजताना आपण शास्त्र सोडतो आहोत असे समजण्याचे कारण नाही.

परंतु याच याद्यांत मांसरस आहे, मत्स्य आहे, आणि चरकांच्या क्षीरजनन उपायांत क्षीरपानही आहे, हे सांगायला आपण बरेचदा विसरतो. प्राणिज पदार्थांचा लेशही नसलेला आहार वर्षभर घेणारी स्तन्यदा माता ग्रंथकारांच्या डोळ्यांपुढे होती, असे या याद्यांवरून म्हणता येणार नाही. म्हणून अशा मातेला ‘शतावरी घे, अळीव खा, सर्व ठीक होईल’ असे सांगणे अपुरे आहे. शतावरीने दुधाचे प्रमाण वाढले, तरी रसात जे मुळातच नाही ते दुधात कोठून येणार?

दोन प्रकारची न्यूनता

आधुनिक पोषणशास्त्राने येथे एक विभागणी केली आहे आणि ती आपल्या रस-उपधातू विचाराला पूरक अशी आहे. मातेच्या आहारात एखादे पोषकतत्त्व कमी पडले, तर दोनपैकी एक गोष्ट घडते. काही तत्त्वांच्या बाबतीत शरीर दुधाचा वाटा राखते आणि मातेच्या साठ्यातून भरणा करते. कॅल्शियम, लोह, जस्त, फोलेट ही या गटातील. येथे बालकाचे फारसे अडत नाही. झिजते ती माता. दुसऱ्या गटात मातेकडे जितके असेल तितकेच दुधात उतरते. थायामिन, रायबोफ्लेविन, बी-६, बी-१२, ‘अ’ जीवनसत्त्व, आयोडीन ही त्यातील प्रमुख. येथे माता वरकरणी धडधाकट दिसू शकते आणि उणीव थेट बालकाच्या पदरी पडते.

ही विभागणी ध्यानात ठेवली की मातेला काय सांगायचे आणि कशाची घाई करायची, हे दोन्ही उलगडते. पहिल्या गटासाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे, थोडी जोड दिली की झाले. दुसऱ्या गटातील काही गोष्टींसाठी मात्र केवळ स्वयंपाकघरावर विसंबता येत नाही.

मातेची झीज

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार पहिल्या सहा महिन्यांत स्तन्यदा मातेला नेहमीपेक्षा दररोज सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. कॅल्शियमची गरज १२०० मिलिग्रॅमवर जाते. दुधावाटे रोज सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम बालकाकडे जाते आणि त्यासाठी मातेच्या अस्थींतून काही अंश उसना घेतला जातो. स्तन्यपान सुटल्यावर ही तूट बहुधा भरून निघते. परंतु दोन बाळंतपणांतील अंतर कमी असेल आणि आहार तुटपुंजा असेल, तर कटिशूल व दंतविकार घेऊन हीच स्त्री तिशीत आपल्या दारी येते.

१७ ग्रॅम प्रथिने ऐकायला मोठी वाटतात, पण हिशेब साधा आहे. कोणत्याही डाळीच्या किंवा कडधान्याच्या शंभर ग्रॅममध्ये वीस ते चोवीस ग्रॅम प्रथिने असतात. दोन्ही जेवणांत एकेक मूठ डाळ वाढविली आणि मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे खाल्ले, तर हा वाढीव भाग जवळपास पूर्ण होतो. तृणधान्य आणि द्विदल एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरते. ज्वारीची भाकरी व पिठले, बाजरीची भाकरी व मटकीची उसळ, मुगाची खिचडी ही आपली जुनी जोडपी तशीच ठेवावीत.

अडचण येते ती पथ्याने. सूतिकेचा अग्नी मंद असतो, वात प्रकुपित असतो, म्हणून पहिल्या दिवसांत पेया, यवागू, मऊभात, सुंठ-ओव्याची योजना युक्तच आहे. परंतु दहा-बारा दिवसांसाठी सांगितलेले पथ्य घरांतून तीन-तीन महिने चालविले जाते. डाळी वातूळ म्हणून बंद, पालेभाज्यांनी बाळाचे पोट बिघडते म्हणून बंद, फळे थंड म्हणून बंद, पाणीसुद्धा मोजून. मग उरतो भात, तूप आणि मेथीचा लाडू. तूप न खाणाऱ्या मातेच्या ताटात तर भातच. मांसाहारी किंवा दूध-दुभते भरपूर असलेल्या घरात असे पथ्य थोडे लांबले तरी निभावते. केवळ वनस्पतिजन्य आहार असलेल्या मातेला डाळी आणि पालेभाज्या बंद करणे म्हणजे तिचे मुख्य अन्नच काढून घेणे होय. अग्नी जसा वाढेल तसे मुगाचे कढण, मग मूग-मसूर, पुढे मोड आलेली कडधान्ये हा क्रम ठेवावा. हिंग, जिरे, लसूण, ओवा यांच्या संस्काराने वातूळपणा पुष्कळ कमी होतो. तहानेप्रमाणे कोमट पाणी, पेज, भाज्यांचे कढण द्यावे. पाणी तोडल्याने सूतिकेचे काही भले होते, असा अनुभव निदान प्रस्तुत लेखकाला तरी नाही.

कॅल्शियमसाठी नाचणी हा मोठा आधार. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. त्याच्या जोडीला तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, कुळीथ. पालकाचा मात्र येथे उपयोग नाही; त्यातील ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम बांधले जाते. लोहासाठी अळीव, बाजरी, खारीक, हिरव्या पालेभाज्या चांगल्या; पण वनस्पतींतील लोह सहज शोषले जात नाही, म्हणून जेवणात लिंबू, आवळा किंवा कच्ची कोथिंबीर असावी आणि जेवणाला लागून चहा नसावा. मोड आणणे व आंबविणे यांनीही लोहाला बांधून ठेवणारे फायटेट कमी होते. अळिवाच्या खिरीने ‘बाळाला रक्त येते’ असे म्हणतात ते तितकेसे खरे नाही. मातेच्या दुधातील लोह मुळातच अल्प असते आणि तिच्या आहाराने ते वाढत नाही. खिरीचा लाभ मातेला होतो, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात (२०१८) प्रसूतीनंतर १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी सांगितली आहे. कॅल्शियमची गोळीही सहा महिने द्यावयाची असते. ‘उष्ण पडते’ म्हणून या गोळ्या बंद करवू नयेत. दोन्ही एकाच वेळी मात्र घेऊ नयेत.

बालकाची उणीव

येथून पुढचा भाग अधिक जोखमीचा आहे. थायामिनविषयी एकच नोंद करतो. काश्मीर खोऱ्यात पॉलिशच्या, वारंवार धुतलेल्या भातावर व कडक पथ्यावर असलेल्या बाळंतिणींच्या अंगावर पिणाऱ्या बालकांत थायामिनच्या अभावाचे गंभीर, प्रसंगी प्राणघातक विकार दिसून आले आहेत. आपल्याकडे ज्वारी-बाजरी-डाळींमुळे तो धोका कमी. पण ‘नुसता मऊभात’ महिनोन्‌महिने चालविणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आयोडीनचा संबंध थेट आपल्या चिकित्सेशी येतो. बालकाच्या मेंदूच्या वाढीसाठी ते अत्यावश्यक, आणि दुधातील त्याचे प्रमाण मातेच्या आहारावर अवलंबून. मासे व दूध वर्ज्य असलेल्या मातेला आयोडीन मिळण्याचा एकमेव भरवशाचा मार्ग म्हणजे आयोडीनयुक्त मीठ. आपण तिला सैंधव सांगतो. सैंधवात नैसर्गिक आयोडीन नगण्य असते. औषधाच्या मात्रेत किंवा ताकात चिमूटभर सैंधव जरूर योजावे, परंतु अशा मातेच्या रोजच्या स्वयंपाकाचे मीठ बदलू नये.

मेंदू व दृष्टीसाठी आवश्यक असलेला डीएचए हा स्निग्ध अंश मुख्यतः माशांतून मिळतो. जवसातील स्निग्धाचे त्यात रूपांतर होते, पण फार थोडे. तरीही रोज चमचा-दोन चमचे कुटलेल्या जवसाची चटणी ठेवावी. परवडत असल्यास शैवालापासून काढलेला डीएचए मिळतो, तो घ्यावा.

आता बी-१२. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही; ते सूक्ष्मजंतू तयार करतात आणि प्राण्यांच्या शरीरातून ते आपल्याला मिळते. इडली, आंबोळी, कांजी, मोड आलेली कडधान्ये, तुळस, स्पिरुलिना यांतून ते पुरेसे मिळते हा समज रुग्णांत आहे आणि आपल्यातील काहींतही आहे. स्पिरुलिनात जे आढळते, त्यातील बहुतांश मानवी शरीराला निरुपयोगी असे त्याचे प्रतिरूप असते. आहारात वनस्पती कितीही विविध असल्या, तरी ही एक जागा रिकामीच राहते.

दूध घेणाऱ्यांचाही हिशेब पाहावा. स्तन्यदा मातेची गरज दररोज सुमारे ३.२ मायक्रोग्रॅम. शंभर मिलिलिटर दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम. म्हणजे केवळ दुधा-दह्यातून ही गरज भागवायची तर रोज पाऊण लिटरच्या आसपास दूध हवे. चहातल्या दुधाचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. तुपात तर ते जवळजवळ नसतेच.

ही भीती पुस्तकी नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील जाधव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली ‘लॅन्सेट’मध्ये भारतीय बालकांतील बी-१२ अभावाचे वर्णन प्रसिद्ध केले, ते अंगावर पिणाऱ्या बालकांचे होते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात गर्भावस्थेत बी-१२ कमी होते. फोलेट अधिक आणि बी-१२ कमी अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला. या माता व्हीगन नव्हत्या. तुमच्या-आमच्या गावांतील सामान्य शेतकरी कुटुंबांतल्या होत्या.

लक्षणे आणि योजना

बी-१२ घेऊन न जन्मलेल्या व दुधातूनही ते न मिळणाऱ्या बालकाची लक्षणे बहुधा चौथ्या ते बाराव्या महिन्यात दिसू लागतात. हसणारे, मान धरलेले, कुशीवर वळणारे मूल हळूहळू हे सर्व सोडू लागते. ते एकटक पाहते, हाका मारल्या तरी रमत नाही, वरचे अन्न तोंडात घेत नाही. केस विरळ व पिंगट होतात, बोटांच्या पेरांवर काळसरपणा येतो, त्वचा पांढुरकी पडते. पुढे हातापायांना व ओठांना कंप सुटतो. फसवणारी गोष्ट अशी की, असे मूल नेहमी कृश नसते. कित्येकदा ते गुटगुटीत असते आणि आजी म्हणते, ‘किती शांत बाळ आहे हो, त्रासच देत नाही.’ शिकलेली गोष्ट विसरणारे शांत मूल हे शांत नसून आजारी आहे, असेच समजावे.

काश्यपसंहितेत फक्क रोगाचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार सांगितले आहेत आणि क्षीरज प्रकारात धात्रीचे दुष्ट स्तन्य हेच कारण मानले आहे. फक्क म्हणजे बी-१२ चा अभाव असे समीकरण मांडण्याचा येथे हेतू नाही. तसे करणे ग्रंथावर अन्याय होईल. परंतु बालक आजारी असता मातेच्या स्तन्याची परीक्षा करावी, ही काश्यपांची दिशा येथे तंतोतंत लागू पडते.

असे बालक पाहिल्यावर बल्य अवलेह, सुवर्णप्राशन किंवा अभ्यंग सुरू करून महिनाभर वाट पाहणे योग्य नाही. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. बी-१२ दिल्यावर काही दिवसांतच मूल पाहू लागते, हसू लागते. उशीर झाल्यास मात्र बुद्धीची व हालचालींची हानी पूर्णतः भरून येईलच असे नाही. उपचार सुरू झाल्यावर काही बालकांत कंप तात्पुरता सुरू होतो किंवा वाढतो. पालकांना हे आधी सांगून ठेवले नाही, तर ते औषधालाच दोष देऊन ते बंद करतात. केवळ फॉलिक ॲसिड देऊन पांडुत्वावर उपाय करू नये. रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जासंस्थेची हानी चालूच राहते. स्तन्यपान बंद करण्याची गरज नाही. मातेला व बालकाला दोघांनाही बी-१२ मिळाले पाहिजे.

येथवर येऊच नये म्हणून मातेची योजना सोपी आणि स्वस्त आहे. बंगळुरू येथे झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मातांना गर्भावस्थेपासून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत रोज ५० मायक्रोग्रॅम बी-१२ तोंडाने दिले असता त्यांच्या रक्तात, दुधात आणि बालकांच्या रक्तातही त्याचे प्रमाण वाढलेले आढळले. एका वेळी आतड्यातून जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम नीट शोषले जातात आणि उरलेल्या मात्रेचा अगदी थोडा अंश, म्हणून गरज तीनची असूनही मात्रा पन्नासची द्यावी लागते. तत्त्वनिष्ठ व्हीगन मातेलाही यात अडचण नसावी, कारण औषधातील बी-१२ जंतूंच्या किण्वनाने तयार होते; गोळी किंवा कॅप्सूलचे आवरण प्राणिज नाही एवढे पाहून घ्यावे. रक्तातील पातळी आधीच फार खालावली असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा जीभ लाल-गुळगुळीत झाली असेल, तर तोंडाने देण्यावर न थांबता सूचिकाभरणाचा निर्णय तज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावा.

शतावरी कल्प दुधातूनच घ्यावा लागतो म्हणून काही माता तो सोडून देतात. अशा वेळी शतावरी चूर्ण नाचणीच्या किंवा शिंगाड्याच्या खिरीतून, नारळाच्या दुधात अथवा तिळाच्या दुधात द्यावे. बाजारातील बदामाच्या अथवा सोयाच्या ‘दुधा’त कॅल्शियम व बी-१२ घातलेले आहे की नाही, हे वेष्टन वाचूनच ठरवावे. आणि ही पेये मातेसाठी आहेत. वर्षाआतील बालकाला आईच्या दुधाऐवजी ती देऊ नयेत.

केसपेपरवर ‘शाकाहारी’ लिहिण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : दिवसाला दूध-दही नेमके किती वाट्या, डाळ-उसळ किती वेळा, मीठ कोणते, आणि बी-१२ ची गोळी चालू आहे का. शक्यतो हे प्रश्न सातव्या महिन्यातच विचारावेत. बालक आपला पहिला साठा गर्भातच भरून घेत असते. उष्टावणानंतरही मातेची मात्रा स्तन्यपान सुटेपर्यंत चालू ठेवावी, आणि मूलही तिच्यासारखेच वनस्पतिजन्य अन्न खाणार असेल, तर त्याच्या वेगळ्या मात्रेविषयी बालरोगतज्ज्ञांशी त्याच वेळी बोलून घ्यावे.